गोष्टीचा धनी

१९०९ सालच्या अखेरीस, ऐन थंडीत, इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या समुद्रकाठी दोन हिंदी तरुण बसले होते. एक विनायक दामोदर सावरकर, वय सव्वीस. दुसरा वीस वर्षांचा बंगाली मुलगा. तो काळ सावरकरांच्या आयुष्यातला फार वाईट काळ होता. वडील बंधू बाबारावांना काळ्या पाण्याची सजा झाली होती, ग्रेज इननं बॅरिस्टरीची वाट अडवून धरली होती आणि धिंग्रा प्रकरणानंतर लंडनमध्ये त्यांना धड राहायला जागा मिळत नव्हती. त्या काठावर त्यांना ‘सागरास’ ही कविता सुचली. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीनं ती पुढं मराठी घराघरांत गेली. ती सुचताना शेजारी बसलेल्या त्या मुलाचं नाव निरंजन पाल. ब्रायटनची ही आठवण त्यांनीच १९३८ मध्ये ‘मराठा’ या पुण्याच्या इंग्रजी साप्ताहिकात लिहिली आणि तिथून ती सावरकरांच्या चरित्रांत आली.

चरित्रांत निरंजन पाल येतात ते एवढ्यापुरतेच. समुद्रकाठी बसतात, साक्ष देतात आणि निघून जातात. पुढं त्यांचं काय झालं, हा प्रश्न मराठी वाचकाला सहसा पडत नाही. तो पडायला हवा, कारण या मुलानं पुढं वीस वर्षांत लंडनच्या रंगभूमीवर नाटक आणलं, इंग्लंडच्या राजानं विंडसर कॅसलमध्ये पाहिलेल्या मूकपटाची गोष्ट लिहिली, ताजमहालावर आणि द्यूतावर युरोपभर दाखवले गेलेले दोन मूकपट दिले. आणि मग मालाडला येऊन बॉम्बे टॉकीजच्या पहिल्या बहराचा कथालेखक झाला. ‘अछूत कन्या’ची गोष्ट त्यांची. हिंदी सिनेमाच्या इतिहासात हा सिनेमा देविकाराणी आणि अशोककुमार यांच्या नावावर जमा आहे, आणि ते साहजिकही आहे. पण गोष्टीच्या धन्याचं नाव दर वेळी श्रेयनामावलीत कुठं तरी तिसऱ्या ओळीत अडकून पडावं, हे मात्र अन्यायाचं वाटतं.

पाल हे आडनाव ओळखीचं आहे. लाल-बाल-पाल मधले पाल म्हणजे निरंजनचे वडील बिपिनचंद्र. अरविंद घोषांविरुद्ध साक्ष द्यायला नकार दिला म्हणून १९०७ मध्ये ते सहा महिने तुरुंगात गेले, सुटले आणि १९०८ मध्ये इंग्लंडला गेले. त्याच सुमारास टिळकांच्या शिक्षेविरुद्ध खटपट करायला अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही लंडनला पोहोचले होते. म्हणजे त्या वर्षी हिंदी राजकारणाची एक अख्खी शाखाच लंडनमध्ये उघडली होती म्हणा ना. त्यात हायगेटच्या क्रॉमवेल अव्हेन्यूवरचं ६५ नंबरचं घर, श्यामजी कृष्णवर्मांचं इंडिया हाऊस, आणि तिथं सावरकर.

निरंजनचा जन्म १७ ऑगस्ट १८८९ चा, कलकत्त्याचा. वडिलांपेक्षा त्याचा ओढा सावरकरांकडे जास्त होता. मदनलाल धिंग्रांनी १ जुलै १९०९ रोजी कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्याला गोळी घातली, तेव्हा बिपिनचंद्रांनी त्या कृत्याचा निषेध केला. धिंग्रांना १७ ऑगस्टला पेंटनव्हिल तुरुंगात फाशी झाली. त्या दिवशी निरंजन वीस वर्षांचा झाला. बाप सनदशीर बाजूला आणि मुलगा सावरकरांच्या बाजूला, अशी ही फूट त्या एका घरात होती. डेव्हिड गार्नेट हा पुढं नावारूपाला आलेला इंग्रज लेखक तेव्हा शाळकरी वयाचा होता. त्याच्या ‘द गोल्डन एको’ या आत्मकथनात या हिंदी मंडळींचं जिवंत चित्रण आहे. सावरकरांना ब्रिक्स्टनच्या तुरुंगातून पळवून न्यायचा बेत याच गार्नेटनं आखला होता. निरंजन पालही त्याच्या ओळखीतले.

मार्च १९१० मध्ये व्हिक्टोरिया स्टेशनवर सावरकर पकडले गेले आणि ती शाखा बंद पडली. कुणी पॅरिसला गेलं, कुणी अमेरिकेला, कुणी मुकाट्यानं अभ्यासाला लागलं. निरंजन पाल लिहायला लागले.

क्रांतिकारकांच्या गोतावळ्यातून निघून कुणी सिनेमाच्या गोष्टी लिहू लागतो, तेव्हा आपल्याकडे तो ‘वाया गेला’ असं म्हणायची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. सिनेमा म्हणजे तेव्हा जेमतेम वीस वर्षांचं पोर. आपल्याकडे फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. पालांच्या कथेवरचा ‘द फेथ ऑफ अ चाइल्ड’ हा इंग्लिश मूकपट १९१५ चा. म्हणजे दादासाहेब फाळके इकडे स्वतःच कथा, दिग्दर्शन सगळं ओढत होते, त्याच काळात एक हिंदी माणूस लंडनमध्ये निव्वळ लेखक म्हणून सिनेमाच्या धंद्यात शिरला होता. हिंदुस्थानाविषयी इंग्रजी कंपन्या जे काही दाखवत, त्यात फकीर, साप आणि कपटी महाराजे यांची गर्दी असे. आपल्या देशाची गोष्ट आपणच सांगितली पाहिजे, हा हट्ट पालांनी तिथं धरला. इंडिया हाऊसमधला राजकीय हट्ट आणि हा हट्ट यांत मला फार अंतर दिसत नाही.

१९२२ मध्ये त्यांचं ‘द गॉडेस’ हे नाटक लंडनच्या वेस्ट एंडमध्ये लागलं. देऊळ, पुजारी आणि भाविकांची श्रद्धा यांभोवतीचं नाटक, आणि सगळी पात्रं हिंदी नटांनी केलेली. हे आज साधं वाटतं. त्या काळी वेस्ट एंडमध्ये हिंदी माणूस दाखवायचा तर गोऱ्या नटाच्या तोंडाला रंग फासून काम भागत असे. या नाटकात प्रमुख भूमिका करणारा कायद्याचा एक बंगाली विद्यार्थी होता, हिमांशु राय. देखणा, बोलघेवडा, पैसेवाल्यांकडून पैसे काढण्यात वाकबगार. पालांना गोष्ट सांगता येत होती आणि रायना ती विकता येत होती. पुढचं सगळं या जोडीतून घडलं, आणि पुढचा सगळा दुरावाही याच विभागणीतून आला.

सर एडविन आर्नल्ड यांचं ‘द लाइट ऑफ एशिया’ हे गौतम बुद्धावरचं १८७९ चं काव्य युरोपात घरोघर वाचलं गेलेलं. त्यावर चित्रपट काढायचा, हिंदुस्थानात काढायचा आणि हिंदी माणसांना घेऊन काढायचा, असा बेत ठरला. इंग्लंडमध्ये कुणी दाद दिली नाही. मग राय म्युनिकला गेले. तिथल्या एमेल्का कंपनीनं कॅमेरे, तंत्रज्ञ आणि दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन दिला. हिंदी बाजूचे पैसे दिल्लीच्या ग्रेट ईस्टर्न फिल्म कॉर्पोरेशननं घातले. जयपूर दरबारनं हत्ती, घोडे, माणसं, वाडे मोकळे करून दिले. राय स्वतः गौतम झाले. गौतमाची पत्नी गोपा हिच्या भूमिकेसाठी रेनी स्मिथ नावाची अँग्लो-इंडियन मुलगी निवडली गेली. तिचं पडद्यावरचं नाव सीतादेवी.

१९२५ मध्ये तयार झालेल्या या मूकपटात पालांची एक युक्ती पाहण्यासारखी आहे. सिनेमा बुद्धापासून सुरूच होत नाही. आधी येतात गोरे प्रवासी. ते मुंबई पाहतात, दिल्ली पाहतात, काशी पाहतात, बोधगयेला पोहोचतात. आणि तिथं एक म्हातारा त्यांना बोधिवृक्षाजवळ गोष्ट सांगायला लागतो. मग आपण अडीच हजार वर्षं मागं जातो. म्युनिक किंवा लंडनमधल्या प्रेक्षकाला पालांनी त्याच्याच माणसांचं बोट धरायला लावून आत नेलं. कीर्तनकार पूर्वरंगात श्रोत्यांना जागेवर आणतो आणि मगच आख्यान लावतो, तसलाच हा प्रकार. वर सुरुवातीच्या पाटीवर बजावून सांगितलं होतं की यात स्टुडिओतले देखावे नाहीत, कृत्रिम प्रकाश नाही, नटांना रंगरंगोटी नाही.

मूकपटाच्या लेखकाचं काम आज आपल्याला नीट कळत नाही. संवाद नसल्यानं लेखक हवा कशाला, असं वाटतं. उलट होतं. संवाद नसल्यामुळेच प्रसंगांची रचना अशी लागायची की बघणाऱ्याला न सांगता कळावं: कुठली वस्तू हातात द्यायची, कोण कुणाला कुठून पाहतो, दार कधी उघडतं. शब्द मिळायचे ते मधल्या पाट्यांवर, तेही मोजके. हिंदुस्थानात त्या पाट्या दोन-तीन भाषांत असायच्या आणि थिएटरात वाचता येणारे न येणाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. मुंबईत या काळात मोहनलाल दवे ‘गुल-ए-बकावली’सारख्या मूकपटांच्या कथा धडाक्यानं लिहीत होते. पालांचा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या प्रेक्षकाला गौतम कोण, गोपा कोण, हे मुळात ठाऊकच नसायचं.

‘द लाइट ऑफ एशिया’ युरोपात गाजला. लंडनमध्ये तो कित्येक महिने चालला आणि एप्रिल १९२६ मध्ये पंचम जॉर्ज बादशहांसाठी विंडसर कॅसलमध्ये त्याचा खास खेळ झाला. राजद्रोह्यांच्या संगतीत वावरलेल्या माणसाची गोष्ट बादशहानं आपल्या वाड्यात बसून पाहिली! मायदेशात मात्र तो चालला नाही. सिलोनमध्ये तर बुद्धाची भूमिका माणसानं करावी यालाच आक्षेप निघाला आणि बंदी आली. हिंदुस्थानात तो का पडला, याचं उत्तर त्या प्रवाशांतच आहे असं मला वाटतं. ज्याला बुद्धाची गोष्ट आजीकडून कळलेली आहे, त्याला ती गोऱ्या पाहुण्यांच्या मागं उभं राहून ऐकण्यात काय रस?

यानंतरचा ‘शिराज’ १९२८ चा. यात जर्मनीची उफा आणि इंग्लंडची ब्रिटिश इन्स्ट्रक्शनल फिल्म्स अशा मोठ्या कंपन्या होत्या. गोष्ट पालांच्या नाटकावरून घेतलेली, ताजमहालाच्या शिल्पकाराची. इतिहासाशी तिचं देणंघेणं जेवढ्यास तेवढं. काफिल्यावर हल्ला होतो, एक राजकुळातली तान्ही मुलगी वाचते, कुंभाराच्या घरी वाढते. कुंभाराचा मुलगा शिराज तिच्यावर जीव लावतो. गुलामांचे व्यापारी तिला पळवतात, शहजादा खुर्रम तिला विकत घेतो, शिराज तिच्यामागं आग्र्याला येतो. ती पुढं मुमताज होते. शिराज मात्र वाड्याबाहेरच राहतो.

दोन जागा लक्षात राहतात. शिराजला हत्तीच्या पायी द्यायची शिक्षा होते. कॅमेरा जमिनीलगत आहे, हिमांशु राय आडवे पडलेले आहेत आणि हत्तीचा पाय वरून सावकाश खाली येतो आहे. आज संगणकावर असलं काही पाहिलं तर आपण जांभई देऊ. इथं हत्ती खरा आहे हे दिसतं आणि पोटात गोळा येतो. दुसरी जागा शेवटाकडची. राणी गेली आहे. बादशहाला तिच्यासाठी कबर हवी आहे. म्हातारा झालेला शिराज जो नमुना घडवून आणतो तोच पसंत पडतो. असं दुसरं काही त्यानं बांधू नये म्हणून त्याचे डोळे काढायचं फर्मान निघतं, आणि मग कळतं की तो आधीच आंधळा आहे. नमुना त्यानं आठवणीतून घडवलेला. कारागिराचे हात-डोळे काढण्याची दंतकथा ताजमहालाभोवती पूर्वीपासून फिरते आहे. तिला असा पीळ देणं हे लेखकाचं काम, दिग्दर्शकाचं नव्हे.

‘अ थ्रो ऑफ डाइस’, हिंदीत ‘प्रपंच पाश’, १९२९ चा. हजारो माणसं, घोडे, हत्ती, वाघाची शिकार, राजस्थानातले वाडे. दोन राजे, रणजित आणि सोहत. दोघांना द्यूताचं व्यसन आणि दोघांनाही सुनीता हवी. आश्रमात वाढलेली ही मुलगी. तिच्या बापाचं नाव कण्व! शिकारीला निघालेला राजा आश्रमात पोहोचतो, तिथवर शाकुंतल. खोटे फासे पडायला लागले की सभापर्व. आपल्या वाचकाला हे जोड लगेच दिसतात आणि थोडं हसूही येतं. पण द्यूताच्या प्रसंगात पाल महाभारताची नक्कल करत नाहीत. रणजित राज्य हरतो आणि शेवटी पणाला लावतो तो स्वतःला. लग्नाच्या आदल्या रात्री नवरदेव गुलाम होतो. या सिनेमाची सजावट आणि वेशभूषा यांत देविकाराणींचा हात होता; त्याच वर्षी त्यांचं हिमांशु राय यांच्याशी लग्न झालं.

आता श्रेयनामावली पाहा. ‘शिराज’ काय किंवा ‘प्रपंच पाश’ काय, कथा निरंजन पाल, पण पटकथेपुढं डब्ल्यू. ए. बर्टन या इंग्रजाचं नाव. जाहिरातीत पुढं हिमांशु राय, त्यांच्या मागं फ्रान्झ ऑस्टेन. कंपन्या परदेशी, पैसा परदेशी, मग कागदावर शेवटचा हात परदेशी असणारच. सिनेमाचे अभ्यासक या तिन्ही मूकपटांना एकत्र घेतात ते ऑस्टेनचे किंवा रायचे म्हणून. मी ते एकापाठोपाठ एक पाहिले तेव्हा मला तिन्हीत सारखा दिसला तो लेखक. तिन्हीत राजवैभव आहे आणि तिन्हीत ते सोडलं, हरलं किंवा नाकारलं जातं. गौतम राजवाडा सोडतो, शिराजला वाड्याबाहेर राहावं लागतं, रणजित गुलाम होतो. तिन्हीत पौर्वात्य थाटमाट अंमळ जास्तच आहे, हा आरोप मान्य. विकायचा माल तोच होता आणि पालांना ते कळत होतं. पण त्या थाटाच्या आतली गोष्ट दर वेळी त्याच्या विरोधात जाते.

तेवढ्यात बोलपट आला. १९२९-३० पर्यंत इंग्लंड-जर्मनीतलं मूकपटाचं दुकान उठलं. इकडे १४ मार्च १९३१ ला मुंबईत ‘आलम आरा’ लागला. पाल कलकत्त्याला परतून स्वतः दिग्दर्शन करू लागले. ‘द गॉडेस’ नाटकावरचा ‘पुजारी’ हा त्यांचा १९३१ चा मूकपट, म्हणजे बाजार उठता उठता आलेला. रायनी दरम्यान ‘कर्मा’ हा इंग्रजी-हिंदी बोलपट केला, त्यात पाल नव्हते. पण १९३४ मध्ये मालाडला एफ. ई. दिनशॉ यांच्या बंगल्यात बॉम्बे टॉकीज उभी राहिली, चिमणलाल सेटलवाडांसारखी मातब्बर मंडळी संचालक झाली, जर्मनीहून ऑस्टेन आणि कॅमेरामन योसेफ वर्शिंग आले. आणि गोष्टींसाठी पुन्हा निरंजन पालांनाच बोलावणं गेलं.

१९३५ चा ‘जवानी की हवा’ हा पहिला. पळून निघालेली मुलगी, आगगाडी, खून. या सिनेमाच्या संगीतकार सरस्वतीदेवी मूळच्या खुर्शीद होमजी, आणि पारशी मुलींनी सिनेमात जावं यावरून समाजानं केवढा गहजब केला! पाठोपाठ ‘जीवन नैया’. त्यातला नायक प्रत्यक्षातच नायिकेसह पळाला आणि कंपनीच्या प्रयोगशाळेतला अशोककुमार कॅमेऱ्यापुढं उभा राहिला. हा किस्सा दिवाळी अंकांनी इतक्या वेळा छापलाय की इथं पुन्हा नको. ‘जन्मभूमी’, ‘इज्जत’, ‘जीवन प्रभात’ अशा कथा पालांच्या लेखणीतून उतरत राहिल्या. ‘इज्जत’ तर मराठे आणि भिल्ल यांच्या वैराची गोष्ट.

यातली थांबून पाहावी अशी ‘अछूत कन्या’, १९३६. पालांच्या ‘द लेव्हल क्रॉसिंग’ या कथेवरून केलेली. संवाद जे. एस. कश्यप यांचे. रात्रीची वेळ, रेल्वेचं फाटक बंद, मोटारीतून आलेलं एक जोडपं अडकून पडतं. रुळांशेजारी एक स्मारक दिसतं आणि त्यामागची गोष्ट सुरू होते. ओळखलंत? हे बोधगयेचेच प्रवासी. अकरा वर्षांनी तीच युक्ती, फक्त आता पाहुणे आपलेच आहेत: शहरातले, मोटारवाले, गाव ओलांडून घाईनं पुढं जाणारे.

दुखिया हा फाटकावरचा अस्पृश्य पहारेकरी. सापानं डसलेल्या मोहन या ब्राह्मण वाण्याचं विष दुखिया तोंडानं ओढून काढतो आणि दोन घरांचा घरोबा जमतो. दुखियाची कस्तुरी आणि मोहनचा प्रताप एकमेकांत गुंततात. आजारी दुखियाला मोहन स्वतःच्या घरात ठेवून घेतो म्हणून गाव चवताळून येतं. मोहन जखमी होतो. डॉक्टर आणायला दुखिया बावटा दाखवून गाडी थांबवतो, आणि गाडी थांबवली म्हणून त्याची नोकरी जाते. शेवटी त्याच फाटकावर प्रताप आणि कस्तुरीचा नवरा मन्नू रुळांत झुंजत असतात, गाडी येत असते आणि कस्तुरी ती थांबवायला धावते. गाडी थांबवून बापाची नोकरी गेली, मुलीचा जीव जातो. ही वीण संवादांची नाही. फाटक, बावटा, रूळ, गाडी, एवढ्यावर ती उभी आहे. देविकाराणींचं शहरी हिंदी आणि अशोककुमारांचं बुजरं गाणं यांवर आज हसता येतं, पण आवाज बंद करून हा सिनेमा पाहिला तरी तो कळतो. मूकपटात घडलेला लेखक असा ओळखू येतो.

या सिनेमाचा विचार मात्र तपासून पाहिला पाहिजे. बाबासाहेब आंबेडकरांची येवल्याची धर्मांतराची घोषणा ऑक्टोबर १९३५ ची. नाशिकचा काळाराम सत्याग्रह त्याआधी पाच वर्षं चाललेला. ‘जातिप्रथेचं उच्चाटन’ हे त्यांचं न झालेलं भाषण १९३६ चंच. महाराष्ट्रात अस्पृश्य समाज हक्क मागत होता, धर्म सोडायची भाषा बोलत होता. आणि मालाडच्या पडद्यावर कस्तुरी काहीच मागत नाही. तिचं सगळं भलं ब्राह्मणाच्या चांगुलपणावर टांगलेलं आणि शेवटी तिला मरावंच लागतं, म्हणजे कुणाला काही बदलावं लागत नाही. क्रांतिकारकांच्या गोतावळ्यात वाढलेल्या पालांकडून याहून जास्त अपेक्षा ठेवता आली असती. तरीही १९३६ मध्ये एका प्रतिष्ठित कंपनीनं हा विषय नायक-नायिकेच्या प्रेमकथेत मध्यभागी ठेवला आणि तो धंद्यातही चालला, ही गोष्ट लहान नाही. नेहरूंनी आणि सरोजिनी नायडूंनी तो मुद्दाम पाहिला.

राय आणि पाल यांचं फाटलं आणि १९३७ च्या सुमारास पाल बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडले. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ऑस्टेन पकडले गेले. ते नाझी पक्षाचे सदस्य होते. १९४० मध्ये राय गेले. वर्शिंग इथंच राहिले आणि पुढं ‘महल’, ‘पाकीजा’ चित्रित करून गेले. पाल कलकत्त्याला परतले आणि १९५९ मध्ये तिथंच वारले. त्यांचे चिरंजीव कॉलिन पाल मुंबईच्या सिनेमाधंद्यात प्रसिद्धीचं काम करत आणि नातू दीप पाल कॅमेऱ्यामागं गेले. मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या आवारात आज छोटे कारखाने आणि गाळे आहेत.

मूकपट मात्र परत आले. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं आधी ‘अ थ्रो ऑफ डाइस’ स्वच्छ केला, नितीन साहनींनी त्याला संगीत दिलं आणि २००७ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात तो हजारोंनी पाहिला. २०१७ मध्ये ‘शिराज’ अनुष्का शंकर यांच्या संगीतासह आला आणि मुंबईतही दाखवला गेला. पालांनी ‘सच इज लाइफ’ नावानं लिहून ठेवलेलं आत्मचरित्र २०११ मध्ये लंडनहून, कुसुम पंत जोशी आणि ललित मोहन जोशी यांच्या अभ्यासपूर्ण ग्रंथातून छापलं गेलं. सावरकरांच्या लंडनमधल्या दिवसांवर मराठीत कपाटभर पुस्तकं आहेत, बॉम्बे टॉकीजवरही लिहिलं जातं. या दोन्ही जगांत वावरलेल्या माणसानं स्वतः सांगितलेली ही हकिगत एखाद्या मराठी प्रकाशकानं जरूर मनावर घ्यावी.